लक्षद्वीप: जहाजावर राहायचं की बेटावर?

‘लक्षद्वीपला जहाजाने जायचंय’ या एका वाक्याचे तीन अर्थ होतात, आणि बुकिंग करताना घोटाळा बहुधा इथेच होतो. पहिला अर्थ खासगी क्रूझचा: मुंबई किंवा कोचीहून निघणारं मोठं जहाज, त्यावर पोहण्याचा तलाव, गाण्याचे कार्यक्रम, बार, आणि वाटेत लक्षद्वीपच्या एखाद्या बेटावर काही तास उतरणं. दुसरा अर्थ ‘समुद्रम’ या सहलीचा. ही सहल लक्षद्वीप प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या पर्यटन संस्थेची. कोचीहून ‘एम. व्ही. कवरत्ती’ हे जहाज निघतं, दिवसा बेट दाखवतात आणि रात्री झोपायला पुन्हा जहाजावर आणतात. तिसरा अर्थ अगदी साधा: प्रवासी जहाजाचं तिकीट काढून कदमत किंवा अगत्तीला उतरायचं आणि तिथेच मुक्काम करायचा.

पहिल्या दोन्ही क्रूझच आहेत. तिसरी मात्र बेटावरची मुक्कामी सहल आहे, जहाज तिथे फक्त एसटीसारखं. म्हणून चौकशी करताना ‘जहाज कुठलं?’ याआधी ‘रात्री झोपायचं कुठे?’ हे विचारा.

एवढ्याने इतका फरक पडतो तो लगूनमुळे, म्हणजे बेटाला लागून प्रवाळाच्या भिंतीआड असलेल्या उथळ पाण्यामुळे. लक्षद्वीपची बेटं प्रवाळाची आहेत. सगळ्या बेटांची जमीन मिळून अवघी 32 चौरस किलोमीटर, पण त्यांना लागून असलेल्या लगूनचं क्षेत्र सुमारे 4,200 चौरस किलोमीटर. म्हणजे बघायला जायचं ते जमिनीपेक्षा या उथळ, निळ्या-हिरव्या पाण्यासाठी. आणि मोठं जहाज या पाण्यात शिरू शकत नाही. लगूनभोवती प्रवाळाची भिंत असते, तिच्यातून आत जायच्या वाटा अरुंद आणि उथळ. जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि प्रवासी लहान बोटींतून आत येतात. काही बेटांच्या पूर्वेकडच्या धक्क्याला शांत हवेत जहाज लागू शकतं, पण त्या भरवशावर बेत आखू नये.

आता तासांचा हिशेब करू. ‘समुद्रम’ची नेहमीची आखणी पाच दिवसांची: पहिल्या दिवशी कोचीहून निघायचं, पुढचे तीन दिवस कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय, पाचव्या दिवशी परत. क्रम आणि वेळा फेरीनुसार बदलतात. बेटावर पोचेपर्यंत सकाळचे नऊ-दहा वाजतात आणि चारच्या सुमारास परतीच्या बोटी सुटू लागतात. म्हणजे दिवसाला सहा तास, तीन दिवसांचे अठरा. त्यातच जेवण, मत्स्यालय किंवा दीपगृह, स्थानिक नृत्याचा कार्यक्रम, कपडे बदलायच्या रांगा. पोहायला आणि स्नॉर्केलिंगला (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचं बघायला) दिवसाकाठी दोन तास मिळाले तरी चांगले. कदमतला चार रात्री राहिलात तर मधले तीन पूर्ण दिवस तुमचे. डिसेंबर-जानेवारीतही उजेड साडेअकरा तासांच्या आसपास असतो, म्हणजे चौतीस तास झाले.

पण प्रश्न नुसत्या बेरजेचा नाही, ते तास कोणते हाही आहे. दहा ते दोन या वेळात सूर्य डोक्यावर येतो आणि लगूनचे रंग सर्वांत उठून दिसतात. त्यामुळे फोटोंच्या बाबतीत क्रूझवाल्यांचं काही बिघडत नाही. हुकते ती सकाळ. वारा पडलेला असताना पाणी स्वच्छ असतं आणि स्नॉर्केलिंग सर्वांत चांगलं तेव्हाच होतं. संध्याकाळही हुकते. कवरत्ती आणि अगत्तीचं लगून पश्चिमेला आहे, सूर्य थेट त्याच पाण्यावर मावळतो, आणि तेव्हा क्रूझचे प्रवासी जहाजावर चहा घेत असतात.

भरती-ओहोटीचंही तसंच. क्रूझची वेळ ठरलेली असते. त्या वेळी ओहोटी असली तर काही ठिकाणी पाणी गुडघाभरच राहतं आणि प्रवाळावरून पोहताच येत नाही. मुक्काम असेल तर तुम्ही पाण्याची वेळ पाहून दिवस आखू शकता. कोकणातला ‘तिथीची पाऊणपट’ (तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायची) हा हिशेब मात्र इथे लावू नका. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, लक्षद्वीपला साधारण मीटर-दीड मीटर, आणि दिवसाच्या दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात. त्या बेटाचं भरतीचं कोष्टक पाहा किंवा बोटवाल्याला विचारा. ओहोटीला उघड्या पडलेल्या प्रवाळावर चालू नका. ते जिवंत असतं, आणि त्याने कापलेली जखम लवकर भरत नाही. प्रवाळ आणि संरक्षित शंखशिंपले उचलून आणणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. नेमके कोणते शंख संरक्षित हे ओळखता येत नसेल तर कुठलाच उचलू नये.

जहाजातून बोटीत

क्रूझच्या जाहिरातीत न दिसणारी पण सहल ठरवणारी गोष्ट म्हणजे हे चढणं-उतरणं. जहाजाच्या कुशीतलं दार उघडतं, खाली लहान बोट लागते, आणि दोन्ही वेगवेगळ्या लयीत वरखाली होत असतात. शांत समुद्रात हा फरक वीतभर, लाट असेल तर हातभर किंवा त्याहून जास्त. बोट लाटेबरोबर वर आली की त्या क्षणी खलाशी ‘या’ म्हणतो आणि दंडाला धरून घेतो. तेव्हा थांबायचं नाही आणि स्वतःहून उडीही मारायची नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, सामान पाठीवर, मोबाइल जलरोधक पिशवीत, पायात मागे पट्टा असलेली चप्पल. कडेवर मूल घेऊन उतरू नये, मूल खलाशाकडे द्यावं. गुडघे दुखणाऱ्यांना हा प्रकार दिवसातून दोनदा करावा लागतो, तोही तीन दिवस. मुक्कामी सहलीत जाताना एकदा आणि येताना एकदा. विमानाने अगत्तीला गेलात आणि तिथेच राहिलात तर एकदाही नाही. वडीलधाऱ्यांना ‘क्रूझ म्हणजे आराम’ म्हणून पाठवण्याआधी हे नीट सांगायला हवं.

समुद्र खवळला तर कप्तान बोटी सोडतच नाही आणि ते बेट वगळलं जातं. तो निर्णय योग्यच असतो, त्यावर वाद घालू नये. पण खासगी क्रूझवर लक्षद्वीपचा थांबा एकच असेल आणि तोच रद्द झाला, तर लक्षद्वीप फक्त दुरून दिसतं. बुकिंगच्या अटींत थांबा वगळण्याचा हक्क कंपनीने जवळपास नेहमीच राखलेला असतो आणि पूर्ण भाडं परत मिळत नाही. ज्याला बेटच बघायचं आहे त्याने एका थांब्याची क्रूझ घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्याला जहाजाचीच हौस आहे त्याने जरूर घ्यावी, कारण मग बेट हुकलं तरी सहल पदरात पडते.

बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन मागावी. जहाज सी-सॉसारखं मध्यावर झुलतं, त्यामुळे नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि वरच्या मजल्यांवर हलणं जास्त जाणवतं. बाल्कनीची महाग केबिन अशा माणसाला उलट त्रासाची ठरू शकते. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि जहाज हलण्याआधी घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. सरकारी जहाजावर दोन बर्थची केबिन, चार बर्थची केबिन आणि बंक (सामाईक दालनातली जागा) असे प्रकार असतात. कोची ते बेटं हा प्रवास चौदा ते अठरा तासांचा आहे, तेव्हा बंकचं तिकीट हाती असलेल्याने हे आधीच मनाशी धरलेलं बरं.

क्रूझचं खरं बळ

एका बाबतीत जहाजाला तोड नाही: लांबलांबची बेटं एकाच फेरीत. कवरत्ती ते कल्पेनी सुमारे सव्वाशे किलोमीटर, कवरत्ती ते मिनिकॉय सुमारे अडीचशे. मिनिकॉय तर वेगळंच जग आहे. बाकीच्या बहुतेक बेटांवर मलयाळमशी जवळची जेसरी बोलतात, मिनिकॉयला मालदीवच्या दिवेहीची बोली, जिला महल म्हणतात. तिथलं दीपगृह 1885 सालचं. त्यावरून बेटाची पूर्ण कमान दिसते. मुक्कामी प्रवाशाला एका बेटावरून दुसऱ्यावर जाणं वाटतं तितकं सोपं नसतं. बोटी मोजक्या, हवामानावर अवलंबून, आणि परवान्यात नाव असलेल्या बेटावरच उतरता येतं. अगत्तीहून बंगारमला दिवसाची फेरी जमते, पण मिनिकॉय हवं असेल तर बहुतेकांसाठी ‘समुद्रम’ हाच मार्ग. जहाज रात्री अंतर कापतं आणि तुम्ही झोपेत पुढच्या बेटाला पोचता.

परवाना दोन्हीकडे लागतो, भारतीय नागरिकांनाही. फरक इतकाच की क्रूझ किंवा पॅकेजमध्ये तो आयोजक काढतो, तुम्ही ओळखपत्र आणि फोटो वेळेत द्यायचे. स्वतः जाणाऱ्याने राहण्याची जागा आधी पक्की करावी, मग परवाना, आणि परवाना हाती आल्यावरच परत न मिळणारी तिकिटं. पोलीस पडताळणी लागते का, हे अर्ज करतानाच विचारून घ्यावं. प्रवासी जहाजाचं परतीचं तिकीट जातानाच काढावं. ही जहाजं बेटावरच्या लोकांचा रस्ता आहेत, दवाखान्याला आणि कॉलेजला जाणारी माणसं त्यांतूनच जातात, आणि पर्यटकांच्या वाट्याला थोडीच तिकिटं येतात. ते तसंच असायला हवं.

विमान कोचीहून अगत्तीला साधारण दीड तासात पोचतं. अगत्तीची धावपट्टी सुमारे 1,200 मीटरची, म्हणून एटीआरसारखी लहान विमानंच उतरतात. सामानाची मर्यादा तिकिटावर नीट वाचा आणि परतीला कोचीत एक दिवस हाताशी ठेवा. त्याच रात्रीचं कोची–मुंबई विमान धरणं म्हणजे एका पावसाच्या सरीवर सगळं सोडणं.

बेटावर राहणाऱ्याने काही गोष्टी आधीच गृहीत धराव्यात. अंघोळीचं पाणी मचूळ असू शकतं, साबणाला फेस येत नाही. कारण बेटाखाली गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, आणि उपसा वाढला की तो खारावतो. कवरत्तीला 2005 पासून समुद्राच्या पाण्यातून पिण्याचं पाणी करणारा प्रकल्प आहे, तरी पाणी जपूनच वापरावं. जेवण म्हणजे भात, नारळ आणि ट्यूना. भाज्या मुख्य भूमीवरून जहाजाने येतात, त्यामुळे शाकाहारी माणसाने चार दिवस एकसारख्या ताटाची तयारी ठेवावी. इथे क्रूझ सरस ठरते, विशेषतः जैन जेवण हवं असेल तर. दारूबंदी सर्वत्र आहे, बंगारमचा अपवाद. पोहण्याचे कपडे पर्यटकांच्या किनाऱ्यापुरते, गावातून जाताना अंगभर कपडे. रोख पैसे सोबत ठेवा. फोनचं म्हणाल तर जानेवारी 2024 मध्ये कोचीहून समुद्राखालची केबल सुरू झाल्यापासून बेटांवरचं इंटरनेट सुधारलं. भर समुद्रात मात्र मोबाइलला रेंज नसते आणि जहाजाचं वायफाय सहसा वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं.

खर्चाची तुलना जाहिरातीतल्या आकड्यांवरून करू नका. क्रूझचा आकडा बहुधा दोघांनी एक आतली केबिन घेतली असं धरून माणशी दिलेला असतो. त्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क, कर आणि किनाऱ्यावरच्या सहलीचे पैसे येतात, एकट्याला आणखी जास्त. मुक्कामात खोली आणि जेवण धरलेलं असतं, पण स्नॉर्केलिंग, काचेच्या तळाची बोट, डायव्हिंग आणि बेटांतरची बोट वेगळी. दोन्ही कागद समोर ठेवून घरातून निघून घरी परत येईपर्यंतची बेरीज करा.

महिने दोघांनाही तेच: डिसेंबर ते मार्च चांगले, त्यातही जानेवारीनंतर समुद्र जास्त निवांत. पावसाळ्यात ‘समुद्रम’ बंद असते. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये वादळाची शक्यता उरते. 2017 मध्ये डिसेंबरच्या सुरुवातीला ओखी वादळाने मिनिकॉय आणि कल्पेनीला झोडपलं होतं. एप्रिल-मेमध्ये पाणी तापतं. 1998, 2010, 2016 आणि 2024 या वर्षी अशाच उष्णतेने इथलं प्रवाळ पांढरं पडलं. त्या दिवसांत पाण्यात उतरणाऱ्याने प्रवाळापासून जास्तच अंतर राखावं.

डायव्हिंगसाठी जाणाऱ्याने मुक्कामच करावा, क्रूझच्या सहा तासांत ते घाईचं होतं. पण परतीच्या वाहनाचा विचार आधी करा. एक डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान 12 तास आणि सलग काही दिवस डाइव्ह केल्यावर किमान 18 तास थांबायचं असतं, नाहीतर शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकतं. सकाळच्या विमानाने परतणाऱ्याचा आदला दिवस त्यामुळे कोरडा जातो. जाताना विमान आणि येताना जहाज धरलं तर ही अडचण राहत नाही: शेवटच्या सकाळीही डाइव्ह करता येतो, एक रात्र समुद्रावर काढायची हौसही फिटते, आणि बोटीत उतरायची कसरत एकदाच करावी लागते.