गंजलेला ब्रेक पाईप : जोड द्यावा की पाईपच बदलावा?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात पावसाळाभर रस्ता सुकत नाही. चोर्ला घाटातून गोव्याला भाजी नेणारे टेम्पो असोत, नाहीतर १५ वर्षांनंतर पुन्हा पासिंग करून चालवलेल्या जुन्या मोटारी, सगळ्यांच्या पोटाला लाल चिखल थापलेला असतो. किनाऱ्याकडे फेऱ्या असल्या तर त्यात खाऱ्या हवेतलं मीठही मिसळतं. त्या चिखलाआड मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑईल पुढे ढकलणाऱ्या भागापासून) चाकांपर्यंत गेलेला पोलादी ब्रेक पाईप असतो. त्याची जाडी बाहेरून साधारण ४.७५ मिमी आणि भिंत जेमतेम ०.७ मिमी.

जोरात ब्रेक दाबला की या पाईपमधल्या ऑईलचा दाब १०० बारच्या घरात जातो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ बार असतो, यावरून अंदाज यावा. तरीही नवा पाईप हा दाब सहज पेलतो, कारण त्याच्या भिंतीवरचा ताण २५ मेगापास्कलच्या (१ मेगापास्कल म्हणजे १० बार) आसपासच राहतो आणि पोलाद याच्या कितीतरी पट सोसतं. पण गंजून भिंत ०.१ मिमी उरली की त्याच दाबाला ताण सातपट होतो. रोजच्या हलक्या ब्रेकला असा पाईप टिकतो, म्हणून मालकाला संशयही येत नाही. घाटउतारावर समोर अचानक म्हैस आली आणि पाय पूर्ण ताकदीनं पडला, की तो फुटतो. मला या गंजाची खरी भीती वाटते ती यामुळेच.

गंज सगळीकडे सारखा चढत नाही. चेसिसला पाईप धरणाऱ्या क्लिपांखाली ओला चिखल अडकून राहतो. तिथे ऑक्सिजन कमी पोहोचतो, बाजूच्या उघड्या भागाला भरपूर मिळतो. या फरकामुळे पाण्यात एक छोटा विद्युतघट तयार होतो आणि कमी ऑक्सिजनच्या जागचं लोखंड विरघळू लागतं. मीठ असेल तर वेग आणखी वाढतो. बाहेरून बरा दिसणारा पाईप क्लिपखाली खड्ड्याखड्ड्यांचा झालेला असतो तो असा. त्यामुळे तपासताना क्लिप सोडवून, चिखल धुऊन, बॅटरीच्या उजेडात बघायला हवं. पुसल्यावर जाणारा तांबूस थर चालेल. पापुद्रे सुटत असतील किंवा नखाला खड्डे लागत असतील तर तो पाईप गेला.

मग जोड का नको? गळती एका ठिकाणी दिसली तरी उरलेला पाईप त्याच वयाचा आणि त्याच चिखलातला. शिवाय गंजलेल्या टोकाचं तोंड फुलवायला गेलं की ते चिरतं. दगड लागून चेपलेला, पण बाकी ठणठणीत असा पाईप असेल तर तेवढा तुकडा कापून, दोन्ही टोकांना डबल फ्लेअर मारून (तोंड फुलवून दुहेरी दुमडून) योग्य युनियनने, म्हणजे पेचाच्या जोडाने, जोडणं मला मान्य आहे. वेल्डिंग, एम-सील किंवा पाण्याच्या नळाचे दाबून बसवायचे फिटिंग मात्र ब्रेकला कधीच नको. गंजावर रंग मारल्यानं गेलेली भिंत परत येत नाही.

बदलताना युनियनपासून युनियनपर्यंत अख्खा पाईप बदलावा, आणि एक गेला असेल तर बाकीचेही त्याच वेळी उघडून बघावेत. काही मिस्त्री फ्रिजचा तांब्याचा पाईप वाकवून बसवतात. तो गंजत नाही हे खरं, पण साधं तांबं सततच्या थरथरीनं कडक होत जाऊन तडकतं. तांब्यात सुमारे १० टक्के निकेल असलेला खास ब्रेकचा पाईप मिळाला तर तो घ्यावा. तो हातानं वळतो, मिठाला दाद देत नाही आणि दाबही पेलतो. नाहीतर चांगला लेप दिलेला पोलादी पाईप घ्यावा.

पाईप उघडलाच आहे तर ब्रेक ऑईलही नवं भरा. ते हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे पाईप आतूनही गंजतो आणि ऑईलचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ या प्रतीच्या ब्रेक ऑईलसाठी उत्कलनबिंदूची किमान मर्यादाच कोरडं असताना २०५ अंश सेल्सिअस आणि पाणी मुरल्यावर १४० अंश अशी आहे. सगळ्या चाकांकडच्या ब्रेक ऑईलमध्ये अडकलेली एअर काढून झाली की इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा आणि दुसऱ्या माणसाला पाईपच्या जोडाचा प्रत्येक नट कोरड्या फडक्यानं पुसून बघायला सांगा. पेडल हळूहळू खाली जात असेल किंवा फडकं ओलं झालं, तर गाडी रस्त्यावर काढू नका.