पाणी वार बघून नको, उजेड बघून घाला

(निवडुंग, कोरफड, घायपात, स्नेक प्लांट, ड्रॅगन फ्रूट नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

चवथ (गणेशचतुर्थी) झाली की आमच्या गोव्यातल्या नर्सरीत काही कुंड्या परत येतात. निवडुंग लांबून हिरवागार दिसतो, पण बोट लावलं की मऊ लागतो आणि बुडाशी आंबूस वास येतो. सोबतचं वाक्यही ठरलेलं: "आम्ही तर न चुकता दर रविवारी पाणी घालत होतो हो." आम्हाला वाटतं, घोटाळा त्या 'न चुकता'मध्येच आहे. म्हणून हे माहितीपत्रक.

झाड उजेड, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन अन्न करतं, हे शाळेत सगळेच शिकतात. आंब्या-जास्वंदीची पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, त्यासाठी दिवसा उघडी असतात. पण छिद्र उघडलं की हवा आत येते आणि पाण्याची वाफ बाहेर पळते. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आत घेताना अशा झाडाचं साधारण ४०० ते ५०० ग्रॅम पाणी उडतं. कोरड्या मुलखात हा व्यवहार परवडत नाही. निवडुंग, कोरफड, घायपात हेच काम ५० ते १०० ग्रॅममध्ये भागवतात, कारण ते छिद्रं रात्री उघडतात.

आपल्याकडे दुपारी एक ते चार शटर खाली असतं ना, तसंच समजा. फरक एवढाच की हे दुकानदार आत झोपत नाहीत. माल, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, रात्री गारव्यात उतरवून घेतात, मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत भरून ठेवतात (सफरचंदाचा आंबटपणा तो हाच), आणि दिवसा शटर बंद ठेवून, आत येणाऱ्या उजेडावर त्या साठ्यातून साखर करतात. आपल्याकडचा अननसही याच पंथातला, आणि गडग्यावर उगवणारी पानफुटीसुद्धा. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांचं एक पत्र १८१५ साली छापून आलं. त्यात लिहिलंय की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं. तुम्ही चाखत बसू नका. मुलांच्या प्रयोगाच्या डब्यात निळा लिटमस असेल तर पहाटे सहाला एक पान चुरडून कागदावर दाबा आणि दुपारी तीनला त्याच झाडाचं दुसरं. सकाळचा डाग लाल उठतो, दुपारचा जांभळट राहतो. आमच्या काउंटरवरही हे करून दाखवतो, गर्दी नसेल तर.

आता पावसाळ्याकडे येऊ, कारण गोव्यात ही झाडं उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात जास्त मरतात. रात्री किती हवा घ्यायची हे दिवसभरात एकूण किती उजेड मिळाला त्यावर ठरतं. आदल्या दिवसाच्या उजेडातून जो साखरेचा साठा उरतो, त्याच्या जोरावरच रात्रीचं आम्ल बनतं. जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, म्हणजे रात्रीची खरेदी मंद आणि पाण्याचा खपही मंद. त्यात हवा इतकी दमट की कुंडीतली ओल उडत नाही. अशा वेळी रविवारचं पाणी मुळांभोवती नुसतं साचून राहतं, मातीतली हवा संपते, मुळं गुदमरतात आणि बुरशीला दार उघडं मिळतं. यांतले बरेच निवडुंग आणि घायपात ज्या कोरड्या मुलखांतून आले, उदाहरणार्थ मेक्सिको-अमेरिकेतलं सोनोरा वाळवंट, तिथे वर्षाला ३००-४०० मिलिमीटर म्हणजे चांगला पाऊस, आणि आपल्याकडे पडतो सुमारे ३००० मिलिमीटर. सुरुवातीच्या वर्षी आम्हीच एक अख्खी रांग पत्र्याच्या पागोळ्यांखाली ठेवली होती. ऑगस्टपर्यंत तिची पेज झाली.

तेव्हा जून ते सप्टेंबर कुंडी छपराखाली, पण उजेडाच्या कडेला ठेवा. बाल्कांवच्या (घरापुढच्या पडवीच्या) आतल्या कोपऱ्यात नको. पाणी महिनाभर नाही घातलं तरी बिघडत नाही. फार काळ तहान लागली की ही झाडं रात्रीचीही छिद्रं मिटतात आणि स्वतःच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइडच आतल्या आत फिरवत राहतात. वाढ थांबते, अंगावर सुरकुत्या येतात, पण झाड जिवंत असतं. सुरकुतलेलं झाड पाण्याने परत भरतं, सडलेलं नाही.

उजेड कमी पडल्याची खूण वेगळी. गोल निवडुंगाच्या डोक्यावर फिकट, निमुळतं टोक निघतं. ती वाढ म्हणजे उजेडाच्या शोधातली धडपड. तो भाग पुढे उन्हात ठेवला तरी गोल होत नाही. उलट टोकही आहेच. आमच्या हिरव्या जाळीखालून नेलेलं झाड एप्रिलमध्ये थेट पश्चिमेच्या गच्चीवर ठेवलंत तर आठवड्यात पेंढ्याच्या रंगाचे डाग उठतील. झेपेल त्याहून जास्त उजेड आला की हिरवा भागच करपतो, आणि निवडुंगाचा तो डाग जात नाही. आधी सकाळचं ऊन द्या, दोन-तीन आठवड्यांनी दुपारचं.

गरमीचं म्हणाल तर दिवसाच्या उन्हाला ही झाडं फारशी भीत नाहीत, अडचण रात्रीची आहे. बऱ्याच निवडुंगांना आणि घायपातांना हवा घ्यायला १० ते २० अंशांची रात्र मानवते. वाळवंटात दिवस कितीही तापला तरी रात्री पारा झपकन उतरतो. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा तो २६ अंशांच्या आसपास अडून बसतो. छिद्रं पुरती उघडत नाहीत आणि श्वसनात साठा खर्च होतो. म्हणून इथे खरी वाढ दिसते ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, भरपूर ऊन आणि २० अंशांच्या जवळपासच्या रात्री असतात तेव्हा. थोडं खत घालायचं, पाणी वाढवायचं, कुंडी बदलायची ती याच दिवसांत. मेमध्ये वाढ दिसत नाही म्हणून पाण्याचा मारा करू नका.

माती: निम्मे चिऱ्याचे बारीक तुकडे आणि नदीची जाडी रेती, उरलेली साधी माती. किनाऱ्यावरची रेती फुकट मिळते, पण तिच्यात मीठ असतं. कुंडी मातीचीच बरी.

झाड मऊ वाटलं तर घरी कापाकापी करू नका, पाणी घालून तर बघूच नका. कुंडीसकट घेऊन या, आणि शेवटचं पाणी कधी घातलं होतं व तेव्हा बाहेर ऊन होतं की मळभ, एवढं आठवून ठेवा.