हांगचौ टूरच्या मंडळींसाठी: पोचायचा दिवस कसा जाईल

नमस्कार मंडळी. टूरचे पैसे भरून झाले की सगळ्यांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न साधारण तेच असतात, तिकडे चीनमध्ये नेट चालतं का, व्हेजचं काय, पैसे किती न्यायचे, आणि हमखास एक, "पहिल्या दिवशी प्रोग्रामला काहीच कसं नाही हो?" म्हणून हे एकदाच लिहून काढलंय. प्रिंट काढून पासपोर्टच्या पाऊचमध्ये ठेवा, नुसतं फोनमध्ये ठेवू नका, का ते पुढे येईलच.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. पहिला दिवस मुद्दाम रिकामा ठेवलाय. रात्रभर विमानात अवघडून बसून, शांघायला उतरून, तिथून ट्रेन पकडून माणूस हांगचौला पोचतो तेव्हा त्याला बसमध्ये कोंबून "उजवीकडे बघा, डावीकडे बघा" करण्यात काही अर्थ नाही. आपली टूर आरामाची आहे. चार रात्री एकच हॉटेल, बॅग एकदाच उघडायची.

व्हिसाचं थोडक्यात. भारतीयांना चीनचा टुरिस्ट व्हिसा मिळतो, ते काम आपलं चालूच आहे. नोव्हेंबर २०२५ पासून अरायव्हल कार्डही ऑनलाइन भरता येतं, तेही आम्हीच भरून देतो, तुम्ही फक्त त्याचा क्यूआर कोड जवळ ठेवा. इमिग्रेशनला बोटांचे ठसे घेतात, त्याला घाबरायचं काही नाही. घड्याळ अडीच तास पुढे करा. आणि दरवेळी कोणीतरी विचारतंच म्हणून सांगतो, दुधाचे पदार्थ आणि ताजी फळं चीनमध्ये नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे आणि हापूस घरीच संपवून या. भाजणीची चकली, थेपले बिनधास्त आणा.

आता शांघाय. तिथे विमानतळ दोन, आपलं विमान उतरतं पुडोंगला आणि हांगचौची ट्रेन सुटते दुसऱ्या विमानतळाला लागून असलेल्या होंगचिआओ स्टेशनहून, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून. आधी मेट्रोची दोन नंबरची लाइन धरून दीड तासाच्या वर जायचा, पण डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही विमानतळांना जोडणारी नवीन रेल्वे सुरू झाली, ती ४० मिनिटांत सोडते, आपण तीच घेतो. तरीसुद्धा विमान उतरल्यावर चार तासांच्या आतली ट्रेन आम्ही बुक करत नाही. कितीही म्हणालात तरी नाही. इमिग्रेशनची लाइन, बॅगा, कोणाचं तरी वॉशरूम, यात दोन तास कुठे गेले कळत नाही.

ट्रेनचं तिकीट पासपोर्टवरच असतं, वेगळा कागद नाही. ऑटोमॅटिक गेट तिथल्या लोकांच्या ओळखपत्रासाठी असतं, आपण बाजूला माणूस उभा असतो त्या गेटने जायचं आणि पासपोर्ट द्यायचा. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी गेट बंद होतं, मग गाडी समोर उभी दिसली तरी सोडत नाहीत, तिथे दादा-ताई करून उपयोग नाही. एकदा बसलात की तासाभरात हांगचौ.

इथे एक स्वतःची फजिती सांगतो. हांगचौमध्ये स्टेशनं एकापेक्षा जास्त आहेत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा उतरलो हांगचौ ईस्टला आणि ज्या माणसाला भेटायचं होतं तो उभा जुन्या, शहरातल्या स्टेशनला, ज्याला तिकडचे लोक छंगचान म्हणतात. माझ्या फोनला नेट नाही, त्याला इंग्रजी येत नाही. शेवटी खिशात हॉटेलचा पत्ता चिनीत लिहिलेली एक चिठ्ठी होती ती एका मक्याची कणसं विकणाऱ्या बाईंना दाखवली, त्यांनी ती डोळ्यांपासून लांब धरून, आपली आजी औषधाची बाटली वाचते तशी वाचली आणि माझा हात धरून मला टॅक्सीच्या लाइनीपर्यंत नेऊन सोडलं. तेव्हापासून प्रत्येकाला गळ्यात घालायचं कार्ड देतो, एका बाजूला हॉटेलचा पत्ता चिनीत, दुसऱ्या बाजूला "मी मांस, मासे, अंडी खात नाही". ते बॅगेत ठेवू नका, गळ्यात म्हणजे गळ्यातच.

आपण उतरतो ईस्टला. तिथून मेट्रोची एक नंबरची लाइन थेट लुंगश्यांगछिआओला जाते, तिकीट अगदी किरकोळ, आणि वर आलात की हांगचौचं प्रसिद्ध तळं चालत पाच-सात मिनिटांवर. मेट्रोतही बॅग स्कॅन होते.

पैशाचं: रोख कमीच लागतं, सगळं फोनवर. पैसे द्यायचं तिथलं ॲप अलीपे, ते ज्या कंपनीचं आहे ती हांगचौचीच, त्यामुळे तिथे तर भाजीवालीकडेही क्यूआर लावलेला दिसेल. ॲप घरी असतानाच टाका, पासपोर्ट व्हेरिफाय करा आणि बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडा, कारण ओटीपी तुमच्या इथल्या नंबरवर येतो. बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू केला का ते बघा, निम्म्या लोकांचं घोडं तिथेच अडतं. २०० युआनच्या वरच्या बिलाला ३ टक्के चार्ज लागतो, त्याखाली नाही.

नेटचं: गूगल आणि व्हॉट्सॲप तिकडे बंद. पण इथूनच रोमिंग पॅक मारून गेलात तर चालतं, कारण डेटा आपल्या कंपनीमार्फत फिरून येतो. गंमत अशी की हॉटेलवर पोचलं की सगळे आनंदाने वायफाय जोडतात आणि लगेच ओरड, "व्हॉट्सॲप गेलं!" गेलं नाही, वायफाय बंद करा.

चेक-इनला पासपोर्ट मागतात, पोलिसांकडे नोंद हॉटेलच करतं. मग आंघोळ, झोप काढायची तर काढा, आणि ऊन उतरलं की खाली या. तळ्याचं नाव शी हू, म्हणजे सरळ पश्चिमेचं तळं. तीन बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला शहर, २०११ पासून जागतिक वारसा, आणि काठावर फिरायला तिकीट नाही. पूर्ण फेरी १५ किलोमीटरच्या आसपास पडते, तलावपाळीच्या हिशोबाने निघालेल्या ठाणेकरांनी जरा जपून. पहिल्या दिवशी अर्धा तास काठाने चला आणि बाकावर बसा, बस. बायका ग्रुपने नाचत असतात, म्हातारे ओल्या ब्रशने फरशीवर पाण्याने अक्षरं काढतात आणि ती वाळून जाताना बघत बसतात, ते मी तासभर बघितलंय. दक्षिणेकडे दिवे लागलेला मनोरा दिसेल तो लैफंग, जुना १९२४ मध्ये पडला (लोक शुभ म्हणून विटा काढून न्यायचे!), आताचा २००२ चा, आत लिफ्टसुद्धा आहे. खिशात एक युआनची नोट असेल तर उलटी करून बघा, त्यावर याच तळ्यातले दगडी दीपस्तंभ आहेत.

पाण्यातून जाणारा लांब बांध दिसेल तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. सू तुंगपो नावाचा कवी अकराव्या शतकात इथला अधिकारी होता, त्याने तळ्यातला गाळ काढायला लावला आणि त्याच गाळाचा हा २.८ किलोमीटरचा बांध घातला, वर सहा पूल. त्याच्या नावाची डुकराच्या मांसाची डिशही इथे सगळीकडे मिळते, व्हेजवाल्यांनी मेन्यूत "तुंगपो" वाचलं की पुढे सरकायचं.

व्हेजचं खरं सांगतो, सोपं नाही. भाजी म्हणून आलेल्या भाजीतही चरबी किंवा ऑइस्टर सॉस असू शकतो, म्हणून ते कार्ड. पहिल्या रात्री आम्ही ठरलेल्या ठिकाणी साधा भात, टोफू आणि पालेभाजी सांगून ठेवतो. जैन मंडळींनी बुकिंगलाच सांगा, ऐन वेळी लसूण काढता येत नाही. तिसऱ्या दिवशी लिंगयिन मंदिर आहे, तिथे शाकाहारी नूडल्स मिळतात. हे मंदिर चौथ्या शतकात हुइली नावाच्या भारतीय भिक्षूने स्थापन केलं असं मानतात. समोरची टेकडी बघून तो म्हणाला म्हणे की हा तर आमच्याकडचा, राजगीरचा गृध्रकूट डोंगर, इथे उडून कसा आला, म्हणून तिचं नावच "उडून आलेलं शिखर". घरापासून इतक्या लांब येऊन ओळखीचा डोंगर दिसणं, काय वाटलं असेल त्याला.

तारखांबद्दल, १ ते ७ ऑक्टोबरला त्यांची राष्ट्रीय सुट्टी असते, तेव्हा काठावर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून त्या आठवड्यात आपली बॅच नाही. जुलै-ऑगस्टलाही नाही, उकाडा भयंकर.

दुसऱ्या दिवशी साडेआठला लॉबीत भेटू. नऊ वाजले तरी चालेल.