भातातले मीठ आणि संध्याकाळचा तेर्स

एप्रिल १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायसभेने, एक फर्मान काढले. ख्रिस्ती झालेल्या घरांनी काय काय करायचे नाही, याची ती लांबलचक यादी आहे. पुरुषांनी पुडवे (धोतरासारखे वस्त्र) नेसायचे नाही, बायकांनी चोळी घालायची नाही, अंगणात तुळस ठेवायची नाही, एकादशीचा उपास धरायचा नाही, लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. आणि एक कलम चक्क भाताबद्दल: हिंदूंसारखा अळणी भात शिजवायचा नाही, मीठ आधीच घालायचे.

तोवर तिसवाडी, बारदेश, साष्टीतल्या धर्मांतरांना दीड-पावणेदोनशे वर्षे होऊन गेली होती. बाप्तिस्मे होत होते, रविवारी चर्च भरत होते. तरी न्यायसभेला लोकांच्या पातेल्यात डोकवावेसे वाटले. जुलूम म्हणून या फर्मानाबद्दल बरेच लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण त्यातली एक समज मात्र पक्की होती: माणूस कोणाला भजतो हे त्याच्या ताटावरून, कपड्यावरून आणि अंगणावरून कळते. गोव्यातल्या ख्रिस्ती उपासनेचा इतिहास वाचायचा तर चर्चच्या दर्शनी भिंतीपेक्षा इथून सुरुवात केलेली बरी.

सुरुवातीपासूनच मिशनऱ्यांचा रोख घराकडे होता. मे १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला, तो हातात घंटा घेऊन गल्लीबोळांतून फिरत मुले गोळा करायचा आणि त्यांच्याकडून प्रार्थना घोकून घ्यायचा. मुले शिकली की घर शिकते, हे त्यामागचे गणित. पुढे साष्टी-बारदेशातली देवळे पाडली गेली, त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवले गेले, १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. एवढ्या मोडतोडीत एक गोष्ट मात्र राज्यकर्त्यांनी मोडली नाही, ती म्हणजे गावकरी. शेते, बांध, खाजणे (खाडीकाठची शेते) राखणारी आणि सारा भरणारी ही ग्रामसंस्था त्यांना हवीच होती. १५२६ च्या फोराल या सनदेने तिचे हक्क लेखी मान्य केले होते. त्यामुळे देव बदलला, पण मान कोणाचा आणि कितवा, याचा हिशेब बराचसा तोच राहिला. पूर्वी देवळात पहिला मान घेणारे वांगड, म्हणजे गावकारांची कुळे, आता चर्चच्या कोन्फ्रारियात (भक्तमंडळात) दिसू लागले, ओपा-मुर्सा हा मंडळाचा झगा घालून मिरवणुकीत पुढे चालू लागले. जातही त्यांच्याबरोबर आत आली, हे सांगायला आजही पुष्कळांना जड जाते.

कुंकळ्ळी हे या सगळ्याचे सर्वांत बोलके उदाहरण. जुलै १५८३ मध्ये तिथल्या गावकारांनी पाच जेझुइट मिशनऱ्यांना ठार केले. सूड म्हणून गावकारांच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याला गेली. पण शिगम्याच्या दिवसांत छत्रोत्सवाला देवी वाजतगाजत कुंकळ्ळीत येते, बारा वांगडांच्या बारा छत्र्या नाचतात आणि गुलालात ख्रिस्ती गावकारही असतात. आठवडाभर आधी-मागे तीच माणसे करेज्माचे, म्हणजे ईस्टरपूर्व चाळीस दिवसांचे, उपास पाळत असतात. बाहेरच्याला यात विसंगती दिसते, कुंकळ्ळीकराला दिसत नाही.

शेताचेही तसेच. ५ ऑगस्टला साष्टीतल्या राय गावी कणसांचे फेस्त, म्हणजे सण, होते, ताळगावात ते २१ ऑगस्टला. पाद्री शेतात जातो, नवी कणसे आशीर्वाद देऊन कापली जातात, आल्ताराला (वेदीला) वाहिली जातात, मग घरोघरी पोचतात. त्याच सुमारास, चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या हिंदू घरांत नव्याची पंचमी असते आणि तीच कणसे दारावर लागतात. लग्नातही हेच. हळदीच्या जागी अंगाला लावायचा नारळाच्या रसाचा रोस राहिला, चुडा राहिला, पितरांच्या आठवणीने गरिबांना घातले जाणारे जेवण राहिले. म्हणजे १७३६ ची यादी निम्मी तरी हरली. तुळस गेली खरी, पण तिच्या जागी दारापुढे चौथऱ्यावर खुरीस, म्हणजे क्रूस, उभा राहिला. काही घरांतला तो चौथरा पाहिला की वृंदावन आठवल्याशिवाय राहत नाही.

मराठी वाचकाला याच इतिहासातली एक गोष्ट जवळची वाटावी. इंग्लंडहून १५७९ मध्ये आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने बायबलची कथा ओवीबद्ध मराठीत लिहिली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतल्या रायतूरला छापले गेले आणि चर्चमध्ये लोकांपुढे वाचले जाऊ लागले. पुराण ऐकायची सवय असलेल्या लोकांना नवा धर्मही पुराणाच्याच चालीवर दिला गेला. पण १६८४ मध्ये सरकारने देशी बोली सोडून तीन वर्षांत पोर्तुगीजवर येण्याचा हुकूम काढला आणि हे दार लोटले गेले. घरातली बोली अर्थातच कोणाच्या हुकमाने गेली नाही.

घरातला दिवस घंटेवर चालायचा: पहाटे, दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला. संध्याकाळची घंटा झाली की शेतातला माणूस उभ्या जागी थांबून क्रुसाची खूण करायचा. मग आल्तारापुढे दिवा, आजीच्या तोंडून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि शेवटी मुलांनी थोरामोठ्यांकडून घ्यायचे बेसांव, म्हणजे आशीर्वाद. भांडण झालेले असले तरी बेसांव चुकवता येत नसे. रोज रात्री घरातले रुसवे मिटवण्याची इतकी साधी सोय दुसरी क्वचितच असेल. शेजारच्या हिंदू घरात त्याच वेळी शुभंकरोती चालू असे आणि घड्याळ नसलेल्या त्या घरांनाही वेळ तीच घंटा सांगायची.

उपासना रस्त्यावरही होती. वाड्यावरच्या खुरिसापाशी लादिन, म्हणजे गाऊन म्हणायची सामूहिक प्रार्थना, व्हायचे. व्हायोलिन, लॅटिनमधली गाणी आणि नंतर उकडलेले चणे व घोटभर फेणी. शब्दांचा अर्थ थोड्यांनाच कळायचा, पण सूर सगळ्यांचे पक्के. हे सूर यायचे चर्चच्या पॅरिश शाळेतून, जिथे मेस्त, म्हणजे शिक्षक, प्रार्थनेबरोबर स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत असे. मुंबईच्या सिनेमा-स्टुडिओंत नोटेशन वाचून वाजवणारे इतके गोवेकर वादक कुठून आले, याचे उत्तर इथे आहे. मुंबईला जाताना ते गावही बरोबर घेऊन गेले: धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे गावकऱ्यांच्या वसतिघरांत, एका कोपऱ्यात आल्तार, संध्याकाळी तेर्साला हजर राहायचा नियम, आणि बोटीवर जायच्या आधी किंवा बोटीवरून आल्यावर उतरलेले खलाशी. गावच्या सायबाचे, म्हणजे पालक संताचे, फेस्त मुंबईतही व्हायचे.

म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मरियमातेला, हिंदू तेल घालतात. ती शिरगावच्या लइराई देवीची बहीण, असे दोन्हीकडचे लोक मानतात. ईस्टरनंतर भरणारे तिचे फेस्त आणि पेंतेकोस्ताच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाच्या) सुमाराचे मडगावचे पुरुमेंताचे फेस्त म्हणजे पावसाआधीची बेगमी. सुकी मासळी, सोले, मिरची, मीठ, कांदे. धर्म कोणताही असो, चार महिन्यांचा शिधा चर्चच्या आवाराबाहेरूनच घरी यायचा. पाऊस सुरू झाला की २४ जूनला सांजांव, म्हणजे संत जॉनचा सण, डोक्यावर पानाफुलांचे कोपेल आणि तुडुंब विहिरीत उड्या. २९ ला होड्या एकत्र बांधून रापणकार कोळ्यांचा सांगोड.

विसाव्या शतकात दोन बदल पाठोपाठ आले. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्ता संपली. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेत मिसा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, म्हणायला वाट करून दिली. लॅटिन गेले, कोंकणी वेदीवर आली, तीही रोमी लिपीत छापलेल्या पुस्तकांतून. शेतकऱ्याची, रेंदेराची (माडाची ताडी काढणाऱ्याची), खारव्याची बोली मिसेत पोचायला चारशे वर्षांहून जास्त काळ जावा लागला.

आता अडचण वेगळीच आहे. साष्टीत शेते पडीक आहेत, पण कणसांच्या फेस्ताला कणीस तर लागतेच. घरोघर फिरणारी सायबिणीची मूर्ती वाड्यावर येते तेव्हा काही दारांना कुलूप असते. माणसे लंडन, स्विंडन नाहीतर आखातात. तेर्स काही घरांत व्हिडिओ कॉलवर होतो, आई बाणावलीत आणि मुलगा रात्रपाळीच्या वाटेवर.