उपग्रहाला कोकणचा पाऊस कमी का दिसतो

जुलैच्या मध्यात संगमेश्वर किंवा लांज्याकडे सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजावं, तर ते शंभर-सव्वाशे मिलिमीटर भरतं. त्याच रात्रीचं उपग्रहाचं अवरक्त (इन्फ्रारेड) चित्र उघडावं, तर कोकणावर नुसते करडे, फिकट ढग. पांढरेशुभ्र, थोराड ढग असतात ते तिकडे बंगालच्या उपसागरावर. पावसाळ्यात असं कितीतरी वेळा होतं. मग हे चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं आणि कोणीतरी खात्रीने लिहितं की कोकणातला जोर ओसरला. बाहेर पागोळ्या धो धो वाहत असतात.

चित्र खरंच असतं, पण ते पावसाचं नसतं. ते कशाचं आहे हे कळायचं तर उपग्रहापासून आपल्या फोनपर्यंतच्या त्याच्या वाटेवर जरा थांबत थांबत जावं लागतं.

आपल्याकडच्या हवामान-चित्रांचा मुख्य आधार म्हणजे इन्सॅट-३ मालिकेतले उपग्रह. इन्सॅट-३डी २६ जुलै २०१३ला अवकाशात गेला, ३डीआर ८ सप्टेंबर २०१६ला आणि ३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ला. विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर ते पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून आपल्याला एका जागी खिळल्यासारखे वाटतात. ३डीआरची जागा ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि रत्नागिरी ७३.३ अंशावर. म्हणजे रत्नागिरीच्या गच्चीवर उभं राहून जवळजवळ नीट दक्षिणेकडे तोंड केलं आणि क्षितिजापासून ७० अंश वर पाहिलं, की तिथे तो आहे.

त्याच्यावर आपल्या अर्थाने कॅमेरा नाही. एक आरसा आहे, तो पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि पुन्हा उलटा असा, मळ्यात जोत फिरवावं तसा, पृथ्वीवरून ओळीमागून ओळ फिरतो. समोरचा अख्खा गोलार्ध पुरा व्हायला २६ मिनिटांच्या आसपास लागतात, म्हणून दर अर्ध्या तासाला नवं चित्र मिळतं. दोन उपग्रहांच्या वेळा एकमेकांत बसवल्या, की दर पंधरा मिनिटांनी. आरशावर पडलेले किरण सहा पट्ट्यांत वाटले जातात: दृश्य प्रकाश, बाष्प दाखवणारा पट्टा, उष्णतेचे अवरक्त पट्टे वगैरे. दृश्य पट्ट्यात एक ठिपका एक किलोमीटरचा असतो, उष्णतेच्या पट्ट्यात चार किलोमीटरचा. प्रत्येक ठिपक्यासाठी ० ते १०२३ मधला एक आकडा. वरून खाली येतो तो या आकड्यांचा प्रवाह. तो दिल्लीत हवामान खात्याच्या आणि अहमदाबादेत इस्रोच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या मोठ्या तबकड्या झेलतात.

दुसरी जात ध्रुवीय उपग्रहांची. ते आठशे-साडेआठशे किलोमीटरवरून, ध्रुवांवरून जात, शंभरेक मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतात. यांच्यापैकी काहींचा सिग्नल घरीसुद्धा घेता येतो, आणि मुंबईशी या गोष्टीचं जुनं नातं आहे. २१ डिसेंबर १९६३ला अमेरिकेचा टायरॉस-८ उडाला. खाली जो कोणी ऐकत असेल त्याला तिथल्या तिथे चित्र पाठवणारी यंत्रणा पहिल्यांदा त्याच्यावर बसवली होती. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या त्याच काळात कुलाब्याच्या वेधशाळेतल्या केंद्रावर अशी चित्रं घेण्याची सोय झाली. अरबी समुद्रावर मोसमी ढग कसे जमतात हे तोवर जहाजांच्या तुटक नोंदींवरून जुळवावं लागे. ते पहिल्यांदा सलग दिसायला लागलं ते तेव्हापासून.

तीच पद्धत सहा दशकं टिकली. नोआ-१५, १८ आणि १९ हे अमेरिकेचे हवामान उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास सेकंदाला दोन ओळी अशा वेगाने चित्र 'आवाजात' पाठवत. टिक-टॉक, टिक-टॉक असा तो आवाज साध्या रेडिओवर ऐकून जगभरात हजारो पोरं या विषयाकडे वळली. २०२५च्या जून ते ऑगस्टमध्ये तिन्ही बंद झाले. मला त्याचं मनापासून वाईट वाटलं. पण दार बंद झालेलं नाही. रशियाचे मेटिऑर-एम मालिकेतले उपग्रह त्याच १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात डिजिटल सिग्नल पाठवतात आणि त्यांचं चित्र नोआच्या त्या चित्रापेक्षा चौपट बारीक, एक किलोमीटरच्या ठिपक्यांचं असतं.

सामान फार लागत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे ५३ सेंटिमीटरच्या दोन कांड्या, एकमेकींशी १२० अंशांचा कोन करून आडव्या बसवलेल्या, व्हीचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. तिथून एक केबल, लॅपटॉपच्या यूएसबीत खुपसायचा एक छोटा एसडीआर रिसीव्हर (रेडिओचं बरंचसं काम सॉफ्टवेअरवर सोपवणारा) आणि सॅटडंपसारखं मोफत सॉफ्टवेअर. कांड्यांची लांबी कुठून आली? १३७ मेगाहर्ट्झची लहर २ मीटर १९ सेंटिमीटरची, तिचा चौथा भाग थोडा कमी करून घेतला की हीच लांबी मिळते.

कोकणात याला एक मोठी सवलत आहे. पश्चिमेला काही आडवं नाही. देवगड किंवा हर्णैच्या किनाऱ्यावरून समुद्रावर मावळणारा उपग्रह अगदी पाण्याला टेकेपर्यंत ऐकू येतो आणि ओमानचा किनाराही चित्रात येतो. त्रास देतात ती घराशेजारची माडा-पोफळीची ओली झावळं आणि खारा वारा. केबलच्या जोडावर टेप नीट गुंडाळला नाही, तर एका पावसाळ्यात आतली तांब्याची तार काळी-हिरवी पडते आणि सिग्नल हळूहळू मरतो. कारण लवकर सापडत नाही, कारण बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं.

उपग्रह सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त वेगाने धावतो, त्यामुळे तो येताना सिग्नलची वारंवारिता तीनेक किलोहर्ट्झ वर सरकते आणि जाताना तितकीच खाली. सॉफ्टवेअर ते सरकणं पकडून ठेवतं. मग सिग्नलमधले बिट वेगळे काढणं, पाठवतानाच मुद्दाम घातलेल्या जास्तीच्या बिटांवरून वाटेतल्या चुका दुरुस्त करणं, आणि माहितीची पाकिटं जोडून चित्राच्या ओळी लावणं. जिथे झाडाने सिग्नल खाल्ला, तिथे चित्रात काळी पट्टी उरते. दिल्लीतल्या तबकडीमागेही मूळ कामं हीच, फक्त पसारा अवाढव्य.

यापुढचं काम महत्त्वाचं, आणि सामान्य वाचकाला ते सहसा कोणी सांगत नाही. आलेला आकडा म्हणजे नुसता यंत्राने मोजलेला विद्युतसंकेत. त्याला अर्थ द्यायला उपग्रहावरचा आरसा अधूनमधून दोन ठिकाणी बघतो: एकदा रित्या, गार अवकाशाकडे आणि एकदा उपग्रहावरच ठेवलेल्या, तापमान ठाऊक असलेल्या काळ्या पृष्ठाकडे. हे दोन टोकाचे आकडे कळले, की मधल्या प्रत्येक आकड्याची उष्णता ठरवता येते. त्यावरून समुद्र २८ अंश सेल्सिअस, उंच वादळी ढगाचा माथा उणे ७०-८० अंश, असं तापमान निघतं. मग किनाऱ्याच्या ओळखीच्या खुणांशी चित्र जुळवून प्रत्येक ठिपक्याला अक्षांश-रेखांश देतात. शेवटी गार ते पांढरं आणि गरम ते काळं असं रंगवतात. फोनवर येणारं अवरक्त चित्र म्हणजे हा ढगमाथ्याच्या तापमानाचा नकाशा.

जागेच्या बाबतीतही थोडं सावध राहायला हवं. उपग्रह कोकणाकडे दक्षिणेकडून, तिरका बघतो. रत्नागिरीवर १५ किलोमीटर उंचीचा ढग उभा असेल, तर त्याचा माथा नकाशावर साधारण साडेपाच किलोमीटर उत्तरेला सरकून पडतो. दृश्य पट्ट्यातले पाच ठिपके! आपल्या गावावर ढग आहे की शेजारच्या, याचा वाद चित्रावरून घालण्यात अर्थ नाही.

आता पाऊस. माथ्याच्या तापमानावरून पाऊस काढायचा सगळ्यात साधा नियम असा: माथा २३५ केल्विनपेक्षा, म्हणजे उणे ३८ अंशांपेक्षा गार असेल तर तिथे तासाला ३ मिलिमीटर पाऊस धरा, नसेल तर शून्य. हा नियम १९७४ साली उष्ण कटिबंधातल्या अटलांटिकवर घेतलेल्या निरीक्षणांतून आला आणि मोठ्या प्रदेशाची, लांब मुदतीची सरासरी काढायला तो चांगला चालतो. त्यामागचा विचार सरळ आहे: उंच ढग गार, आणि उंच ढगच जोरात कोसळतो.

सह्याद्रीच्या पायथ्याशी हा विचार अडखळतो. मोसमी वाऱ्याचा जोर जमिनीपासून दीडेक किलोमीटरवर सगळ्यात जास्त असतो. समुद्रावरून बाष्पाने जड होऊन आलेली ही हवा हजारेक मीटरच्या भिंतीवर आदळून वर ढकलली जाते. वरच्या थरांत मात्र वारे उलट्या दिशेचे, पूर्वेकडून येणारे. ते ढगाला फार उंच वाढू देत नाहीत. त्यामुळे ढगमाथा बरेचदा पाच-सहा किलोमीटरवरच थांबतो. पावसाळ्यात आपल्याकडे पाणी गोठण्याची पातळीच साधारण तेवढ्या उंचीवर असते. असल्या ढगात बर्फ नावापुरता. थेंब थेंबाला मिळून मोठे होतात आणि सरळ खाली येतात. मागून नवी हवा सारखी चढत राहते, म्हणून तासन् तास खंड नाही. माथ्याचं तापमान शून्याच्या आसपास किंवा थोडं खाली, उणे ३८च्या कितीतरी वर. नियम सांगतो शून्य, आणि खाली पर्जन्यमापक भरत असतो.

सूक्ष्मलहरी टिपणारे उपग्रह ढगाच्या आत डोकावतात. त्यांचा फायदा नक्की होतो. पण जमिनीवर त्यांचं मोजमाप मुख्यतः ढगातल्या बर्फाने विखुरलेल्या लहरींवर चालतं, आणि बर्फच कमी असला तर तेही हात आखडतात. २७ फेब्रुवारी २०१४ला उडालेल्या, पाऊस मोजणाऱ्या जीपीएम उपग्रहावर तर पावसाचं रडार आहे. त्याला थेंब दिसतात, मात्र डोंगराळ मुलखात जमिनीलगतच्या किलोमीटर-दोन किलोमीटरात जमिनीचाच प्रतिध्वनी इतका येतो, की नेमका तिथला पाऊस झाकला जातो. शिवाय तो एका जागेवरून कधीतरीच जातो. म्हणून आता इन्सॅटच्या आकड्यांबरोबर वाऱ्याची दिशा आणि डोंगराचा उतार गणितात घालणारी पद्धत वापरतात: वारा चढणीवर जात असेल तर पाऊस वाढवून धरायचा. अंदाज सुधारतो, पण किती वाढवायचा हे ठरवायला जमिनीवरची मोजणीच लागते.

चक्रीवादळाच्या वेळी मात्र हाच माथ्याच्या तापमानाचा नकाशा सोन्यासारखा. ३ जून २०२०च्या दुपारी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्याने किनाऱ्यावर आलं. १ जूनला ते अजून समुद्रातलं नुसतं डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाच्या क्षेत्राच्या पुढची पायरी, होतं, आणि तिथे वारा मोजायला उपकरणं फारच थोडी. अशा वेळी ढगांच्या पट्ट्या केंद्राभोवती किती वळल्या आहेत, मधला भाग किती गार आहे, डोळा दिसतो का, यावरून १ ते ८ अशा मापावर वादळाचं बळ ठरवतात. १९७०च्या दशकात व्हर्नन ड्वोरॅक यांनी घडवलेली ही पद्धत आजही रोजच्या वापरात आहे. बंदरावर जो तीन नंबरचा किंवा त्याहून वरचा बावटा चढतो, त्याच्यामागे ही सगळी साखळी उभी असते.

पावसासाठी उपग्रहाचे आणि पर्जन्यमापकांचे आकडे रोज एकत्र मिसळून नकाशा केला जातो. जिथे मापकं दाट तिथे त्यांचा शब्द चालतो, जिथे विरळ तिथे उपग्रहाचा. म्हणजे ज्या घाटउतारांवर उपग्रह सगळ्यात जास्त चुकतो, तिथेच मापकं कमी असली तर चूक तशीच नकाशात उतरते. महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रं बसल्यापासून सपाटीवरची स्थिती पुष्कळ सुधारली आहे. माझ्या मते पुढची केंद्रं आंबोली, फोंडा, आंबा, कुंभार्ली अशा घाटांच्या चढणीवर, निरनिराळ्या उंचीवर ओळीने लागायला हवीत.

तोवर जुलैत हवामान खात्याच्या संकेतस्थळावर अवरक्त चित्र उघडलंत, तर शेजारी दोन गोष्टी जरूर उघडा. एक म्हणजे मुंबई किंवा गोव्याच्या रडारचं चित्र, कारण रडार थेंबांवरून परतलेली लहर मोजतं. दुसरी, आपल्या मंडळाची सकाळी साडेआठची नोंद. चित्रात करडा ढग आणि नोंदीत ११५ मिलिमीटरच्या वरचा आकडा असेल, तर वर सांगितलेला बुटका ढग तुमच्या डोक्यावर काम करतो आहे, आणि नैर्ऋत्येचा वारा पडेपर्यंत तो थांबायचा नाही.