‘उदारमतवादी म्हणजे जास्त कर’ हे समीकरण कितपत खरं?

वर्षानुवर्षं फिरणारा दावा असा: उदारमतवादी पक्ष कर आणि सरकारी खर्च वाढवतात, पुराणमतवादी पक्ष दोन्ही कमी करतात, आणि जगभर हे असंच असतं.

हे अनेकांना पटतं, कारण अमेरिकेतलं आजचं चित्र ढोबळमानाने याच्या जवळ जातं. पण देश बदलला की शब्दाचा अर्थही बदलतो. युरोपात स्वतःला ‘लिबरल’ म्हणवणारे कितीतरी पक्ष खुल्या बाजाराचे आणि कमी करांचे पुरस्कर्ते आहेत.

मला सर्वांत बोलकं वाटतं ते जर्मनीचं उदाहरण. तिथे कामगारांसाठी १८८३ मध्ये आजारपणाचा विमा, १८८४ मध्ये अपघात विमा आणि १८८९ मध्ये वृद्धापकाळाचं निवृत्तिवेतन आलं. हे कायदे आणणारं सरकार पुराणमतवादी होतं. विरोधकांमध्ये बाजारात सरकारचा हस्तक्षेप नको म्हणणारे उदारमतवादी होते. कामगार क्रांतीकडे वळू नयेत, प्रस्थापित व्यवस्था टिकावी, हा सरकारचा हेतू होता. म्हणजे खर्च वाढला तो परंपरा जपण्यासाठीच!

शिवाय आर्थिक आणि सामाजिक भूमिका एकमेकींना बांधलेल्या नसतात. कमी कर मागणारा पक्ष समलिंगी विवाहाला पाठिंबा देऊ शकतो. उलटही घडतं.

पडताळणी कुणालाही करता येते. एकच मुद्दा घ्या, समजा आरोग्यखर्च. त्यावर पक्षाचा जाहीरनामा वाचा, मग कायदेमंडळात त्याने कसं मतदान केलं ते पाहा. पक्ष सत्तेत होता, तर त्या वर्षांचे अर्थसंकल्प आधीच्या वर्षांशेजारी ठेवा.