समरूप भिन्नार्थी शब्द (युरोपीय भाषांतील)

दोन किंवा अधिक भाषांत एकाच वर्णक्रमाने लिहिले जाणारे, पण वेगळ्या अर्थाचे शब्द. फ्रेंचमध्ये त्यांना ‘फो आमी’ म्हणजे ‘खोटे मित्र’ म्हणतात. केस्लर व देरोकिन्यी यांच्या १९२८ सालच्या पुस्तकाने हे नाव रूढ केले.

लांबलचक शब्द दोन भाषांत सारखा दिसला, तर बहुधा त्यांचे मूळ एकच असते. तीन-चार वर्णांच्या शब्दांबाबत मात्र ती खात्री देता येत नाही. रोमन लिपीत ‘मोस्ट’ लिहा : इंग्रजीत ‘सर्वाधिक’, चेक व पोलिशमध्ये ‘पूल’, जर्मनमध्ये ‘फळांचा रस’, हंगेरियनमध्ये ‘आत्ता’ (उच्चार ‘मोश्त’). चौघे निव्वळ योगायोगाने एका रूपात आले. चेक प्रजासत्ताकात मोस्त नावाचे शहरच आहे. दलदलीवरच्या पुलांवरून ते नाव पडले.

‘गिफ्ट’ची गोष्ट वेगळी. इंग्रजीत भेटवस्तू, जर्मनमध्ये विष. मूळ मात्र एकच, ‘देणे’. ग्रीक ‘डोसिस’ म्हणजेही ‘देणे’. त्यावरून औषधाची मात्रा आणि पुढे विष, असा अर्थ जर्मन शब्दाला चिकटला. जुना अर्थ ‘मिटगिफ्ट’ (हुंडा) या शब्दात तेवढा टिकून आहे. स्वीडिशमध्ये तर हाच शब्द ‘विष’ आणि ‘विवाहित’ अशा दोन्ही अर्थांनी चालतो, उच्चार ‘यिफ्ट’. यावरचे विनोद स्वीडिश माणसाला सांगू नयेत, त्याने ते सगळे ऐकलेले असतात.

‘रोक’मध्ये दोन्ही प्रकार एकत्र दिसतात. चेक-पोलिश ‘वर्ष’, क्रोएशियन ‘मुदत’ व रशियन ‘नशीब’ हे तिन्ही अर्थ ‘सांगून ठरवलेले’ या एकाच स्लाव्ह कल्पनेतून फुटले. डच ‘रोक’ (स्कर्ट) मात्र परका.

सर्वांत गोंधळ होतो तो हो-नाहीचा. बल्गेरियनमध्ये ‘ने’ म्हणजे नाही. सीमा ओलांडून ग्रीसमध्ये गेल्यावर कानी पडणारे ‘ने’ म्हणजे हो. (लिपी दोन्हीकडे वेगळ्या, त्यामुळे ही गफलत फक्त कानाची.) त्यात बल्गेरियात परंपरेने नकारासाठी मान वर-खाली हलवतात. पोलिश माणूस बोलता बोलता ‘नो’ म्हणाला, तर तो बहुधा ‘हं, हो’ म्हणत असतो.

मराठी वाचकाला हा अनुभव हिंदीत येतो : तिकडे ‘शिक्षा’ घ्यायला मुले शाळेत जातात. ही जोडी ‘गिफ्ट’च्या जातीची, ‘मोस्ट’च्या नव्हे, मूळ ‘शिकणे’च, आपल्याकडे त्याचे ‘धडा शिकवणे’ झाले.